हेमंतातील विश्रांती आणि आपण वैद्य

कार्तिकी पौर्णिमा उलटली की आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांचे रूप पालटते. दर्शनी फळीवर अवलेहांच्या बरण्या रचल्या जातात, अश्वगंधा, शतावरी, मुसळी यांच्या चूर्णांची मागणी वाढते आणि डिंक, खारीक, आळीव, मेथ्या यांच्या पुड्या बांधता बांधता दुकानातील मदतनिसाला उसंत मिळत नाही. चिकित्सालयात येणाऱ्यांचे म्हणणेही ठरलेले असते : "डॉक्टर, थंडी सुरू झाली, आता एखादे शक्तीचे औषध द्या." आणि आपणही फारसा विचार न करता ते देतो. आपल्या व्यवसायाच्या बोलीत या दिवसांना 'सीझन' म्हणतात. आम्हीही तसेच म्हणतो आणि आमच्याही फळीवर बरण्या असतात, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. म्हणजे पुढील विवेचन हा केवळ दुसऱ्यांना केलेला उपदेश आहे असे कोणास वाटणार नाही.

तथापि गेली काही वर्षे एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. ज्या ऋतूला शास्त्रकारांनी उत्तम बलाचा काळ म्हटले, नेमक्या त्याच ऋतूत लोक आपल्याकडे शक्ती मागावयास का येतात? ऋतूने जे आपण होऊन द्यावयाचे ते त्यांना मिळत नाही, हाच याचा अर्थ नव्हे काय? आणि ते का मिळत नाही याचा शोध न घेता बरणी पुढे करणे, ही चिकित्सा झाली की केवळ विक्री? आमचे मत असे झाले आहे की, आपल्या समाजाने हेमंत ऋतू गमावला आहे. ऋतूतील थंडी शिल्लक आहे, विश्रांती मात्र गेली आहे. ती परत मिळवून देण्याचे काम वैद्याचे आहे आणि ते बरणीने होण्यासारखे नाही.

बल येते ते क्रमाने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सहावा अध्याय आणि अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केले आहेत. परीक्षेपुरते पाठ केलेले पुष्कळदा परीक्षेनंतर मिटून ठेवले जाते, म्हणून त्यातील एका मुद्द्याची उजळणी येथे करावीशी वाटते.

वर्षा, शरद आणि हेमंत हे तीन ऋतू मिळून विसर्गकाल होतो. या काळाच्या आरंभी, म्हणजे वर्षा ऋतूत, मनुष्याचे बल अत्यंत क्षीण असते. शरदात ते मध्यम होते आणि हेमंतात उत्तम होते. शिशिरापासून आदानकाल सुरू होतो. परंतु त्याच्या प्रारंभी बल टिकून राहते आणि पुढे वसंत व ग्रीष्मात ते उतरत जाते. याचा अर्थ असा की, मार्गशीर्षात दिसणारे बल मार्गशीर्षात उत्पन्न झालेले नसते. आषाढापासून ते थोडेथोडे साठत आलेले असते. हेमंत हा बल मिळवण्याचा आरंभ नसून साठलेले बल धातूंत मुरवण्याचा काळ आहे.

आपल्या दख्खनच्या काळ्या रानातील मालदांडी ज्वारी पाहावी. पावसाळा सरत आला की ती पेरतात. पुढे पाऊस मिळाला तर मिळाला. ती वाढते ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीवर. रोज जाऊन पाहिले तर वाढ जाणवत नाही. पौष-माघात हुरडा भरला की मगच लक्षात येते. ज्या रानात पावसाळ्यात ओल मुरलीच नाही, त्या रानात डिसेंबरमध्ये कितीही खत टाकले तरी कणीस भरत नाही. मनुष्यदेहाचेही तसेच आहे, आणि आपण मात्र रुग्णाला डिसेंबरमधील खत विकण्यात गुंतलो आहोत.

दुसरा मुद्दा अग्नीचा. बाहेरच्या थंडीने देहातील ऊष्मा आत कोंडला जातो आणि अग्नी बलवान होतो. या अग्नीला योग्य इंधन मिळाले नाही तर तो देहातील रसालाच जाळू लागतो आणि वायूचा प्रकोप होतो, असे शास्त्रवचन आहे. म्हणून या ऋतूत स्निग्ध, मधुर, अम्ल व लवण रसांचा आहार सांगितला. उपाशी राहणे, वेळी-अवेळी खाणे, सकाळी नुसत्या चहावर कामाला लागणे हे एरव्हीही अहितकर. हेमंतात ते विशेष घातक. ज्याला आपण थंडीतील अशक्तपणा म्हणतो, तो पुष्कळदा औषधाच्या अभावाने आलेला नसून सकाळच्या न झालेल्या जेवणाने आलेला असतो.

विश्रांती म्हणजे निष्क्रियता नव्हे

येथे एक शंका उपस्थित होईल. हेमंतात तर व्यायाम, अभ्यंग, उद्वर्तन, आतपसेवन असे सर्व सांगितले आहे; मग ही विश्रांती कोठून काढली? शंका योग्य आहे. हेमंत हा पांघरूण घेऊन पडून राहण्याचा ऋतू आहे असे कोणत्याही आचार्याने म्हटलेले नाही. दिवसा झोपण्यास तर ग्रीष्माव्यतिरिक्त इतर ऋतूंत सामान्यतः निषेधच आहे. परंतु व्यायाम सांगताना तो अर्धशक्ती सांगितला आहे, हे आपण विसरतो. वाग्भटाचार्यांनी बलवान आणि स्निग्ध भोजन करणाऱ्यांनीही शीतकाली व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा असे सांगितले. ज्या ऋतूत बल सर्वाधिक, त्या ऋतूतही ते अर्धेच खर्चावयाचे. उरलेले अर्धे कशासाठी? तेच पुढे वसंत-ग्रीष्मात उपयोगी पडावयाचे. मिळकतीचा अर्धा भाग शिल्लक टाकणारा गृहस्थ आळशी ठरत नाही, दूरदर्शी ठरतो.

आणि रात्र. पुण्यासारख्या ठिकाणी जूनअखेरीस रात्र सुमारे पावणेअकरा तासांची असते, तर डिसेंबरअखेरीस ती सुमारे तेरा तासांची होते. निसर्ग दोन तासांहून अधिक काळोख आपल्या पदरात टाकतो. आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य या तीन उपस्तंभांपैकी निद्रेला मिळालेले हे ऋतूचे दान आहे. पूर्वीच्या घरांतून या दानाचा स्वीकार आपोआप होत असे. दिवेलागणीनंतर जेवणे, शेकोटी, थोड्या गप्पा आणि निजानीज. रात्र मोठी असल्यामुळे पहाटेच भूक लागते हे वाग्भटाचार्यांनी नोंदवले आहे, आणि आपल्याकडील धुंधुरमासाच्या प्रथेत तेच निरीक्षण जसेच्या तसे उतरले आहे. सूर्य धनु राशीत असता सूर्योदयाच्या सुमारास मुगाची खिचडी, बाजरीची भाकरी, लोणी, वांग्याचे भरीत असे जेवण करावयाचे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी व हरभरा, गाजर, घेवडा, वांगी यांची मिसळीची भाजी करावयाची. आणि संक्रांतीला तीळगूळ. ऋतुचर्येचा अध्याय ज्यांनी कधी वाचला नाही, त्या आपल्या आज्यांनी तो चुलीवर जपला.

आज यातील पदार्थ शिल्लक आहेत, काळवेळ गेली आहे. भोगीची भाजी उपाहारगृहात रात्री दहा वाजता मिळते. काळोखाचे दोन तास विजेच्या दिव्याने, दूरचित्रवाणीने आणि आता हातातील भ्रमणध्वनीने गिळले आहेत. देहातील पेशींनाही दिवस-रात्रीचे भान असते, हे आधुनिक शास्त्रानेही आपल्या मार्गाने दाखवले. फळमाशीवरील अशाच संशोधनासाठी जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या संशोधनाने आपली ऋतुचर्या सिद्ध झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु झोपेची वेळ ही देहाच्या लेखी क्षुल्लक गोष्ट नाही, एवढे सांगण्यास आता कोणाही वैद्याने संकोच करू नये.

आमची एक चूक

तात्त्विक चर्चा येथे थांबवून आमच्याच चिकित्सालयातील एक अनुभव सांगतो. तो आमच्या कौतुकाचा नाही.

आमचे गाव यंत्रमागाचे. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्षात पंचेचाळिशीचे एक कामगार आमच्याकडे आले. अंग रुक्ष, पोटऱ्यांत गोळे, वजन उतरलेले, चिडचिड वाढलेली. वातप्रकोपाचे चित्र इतके स्पष्ट होते की आम्ही दहा मिनिटांत निदान करून मोकळे झालो. अवलेहाची बरणी दिली, दूध सांगितले, तेल लावावयास सांगितले आणि वर शास्त्राधार म्हणून दिवसा अजिबात झोपू नका, अशी ताकीदही दिली. बाहेर पंचवीस माणसे बसली होती. सीझन होता.

माघ महिन्यात ते परत आले ते अधिकच खंगून. भूक गेली होती, पोट जड राहत होते. आम्ही बरणीची मात्रा विचारली, दूध विचारले. सर्व काही आम्ही सांगितले तसेच चालले होते. मग त्यांनीच संकोचाने विचारले, "डॉक्टरसाहेब, दिवसा झोपायचे नाही हे किती दिवस पाळू? एका आठवड्याआड रात्रपाळी असते. परवा पहाटे मागावर डुलकी लागली. हात थोडक्यात वाचला."

आम्ही निरुत्तर झालो. त्यांना रात्रपाळी असते, हे आम्ही विचारलेच नव्हते. यंत्रमागाच्या गावात राहून विचारले नव्हते! ज्या माणसाची रात्र मागावर जाते त्याला आम्ही दिवसाचीही झोप बंद केली होती आणि त्याने वैद्याचा शब्द म्हणून ती प्रामाणिकपणे पाळली होती. वस्तुतः रात्री जागरण घडल्यास, जितका काळ जागरण झाले त्याच्या निम्मा काळ सकाळी काही न खाता झोपावे, असे वाग्भटाचार्यांनी स्वच्छ सांगितले आहे. रात्री ज्याला झोप मिळत नाही त्याची सोय शास्त्राने शतकांपूर्वी करून ठेवली आणि आम्ही निषेधाचे वाक्य तेवढे लक्षात ठेवून अपवादाचे विसरलो.

आम्ही त्यांची क्षमा मागितली. बरणी बंद केली. प्रथम शुंठीसिद्ध जल व लघु आहार देऊन अग्नी सावरला. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर कोमट पाण्याने हातपाय धुऊन, तळपायांना तेल लावून, खोली काळोखी करून न जेवता चार-पाच तास झोप, उठल्यावर स्नान आणि मग गरम जेवण, असा क्रम बांधून दिला. त्यांच्या पत्नीला बोलावून तो समजावून सांगितला, कारण घरात त्या वेळेस शांतता राखणे त्यांच्या हाती होते. फाल्गुनात पोटऱ्यांतील गोळे थांबले, भूक पूर्ववत झाली. त्यांची पाळी बदलली नाही; झोप आजही पुरेशी नाही. परंतु मागावर डुलकी पुन्हा लागली नाही, असे ते सांगतात. त्या माणसाचा हात गेला असता तर तो आमच्या दहा मिनिटांच्या निदानाने गेला असता, ही जाणीव आम्हांस आजही स्वस्थ बसू देत नाही.

पादांश क्रम

हेमंतातील विश्रांतीची गोष्ट सांगितली की रुग्ण म्हणतात, "पटते, पण जमत नाही." येथेच आपल्या शास्त्रातील एक अत्यंत मोलाचा, परंतु उपेक्षित सिद्धांत उपयोगी पडतो. अंगवळणी पडलेले अपथ्य एकदम सोडू नये. त्याचा चौथा भाग, किंवा त्या चौथ्याचाही चौथा भाग, अधूनमधून काही दिवसांचे अंतर ठेवून सोडावा आणि त्याच क्रमाने पथ्याचा स्वीकार करावा. असे क्रमाने सोडलेले दोष परत उद्भवत नाहीत आणि क्रमाने मिळवलेले गुण अढळ होतात, असे चरकाचार्यांचे आश्वासन आहे. ऋतुसंधीचा नियमही हाच. सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांत जुनी चर्या हळूहळू सोडून नवी धरावयाची. घाई केल्यास असात्म्यज रोग होतात.

हा सिद्धांत व्यवहारात कसा उतरतो ते पाहावे. एक गृहस्थ रात्री साडेबारा वाजता झोपतात. त्यांना उद्यापासून साडेदहाला झोपा असे सांगितले तर ते चार दिवस अंथरुणात तळमळतील आणि पाचव्या दिवशी सोडून देतील. त्याऐवजी दर आठवड्याला पंधरा मिनिटे अलीकडे या, असे सांगावे. हेमंताचे दोन महिने म्हणजे ढोबळमानाने आठ आठवडे. आठ आठवड्यांत दोन तास होतात. मार्गशीर्षात साडेबाराला निजणारा मनुष्य पौष सरताना साडेदहाला निजू लागतो, आणि आपण काही मोठे केले असे त्याला वाटतही नाही. दिवसाला आठ कप चहा घेणाऱ्याने पहिल्या टप्प्यात दोनच कप सोडावेत. व्यायाम सुरू करणाऱ्याने कपाळ, नाक, काख येथे घाम येऊ लागताच थांबावे. वयोवृद्धांनी आणि रक्तदाब असलेल्यांनी काळोखात, कडाक्याच्या थंडीत फिरावयास बाहेर पडण्याचा आग्रह धरू नये. थंडीत रक्तदाब वाढण्याची प्रवृत्ती असते. उन्हे वर आल्यावर, डोके व कान झाकून फिरल्याने व्यायामाबरोबर आतपसेवनही घडते.

मनुष्याच्या सुधारणेला हेमंत हा उत्तम ऋतू आहे असे आम्ही म्हणतो ते याच अर्थाने. अग्नी बलवान, रात्री मोठ्या, देह सहनशील. म्हणून एखादी सवय बदलण्याचा ताण या दिवसांत सोसतो. एका हेमंतात एक सवय. दहा हेमंतांत मनुष्य दहा पावले पुढे जातो. इंग्रजी नववर्षाच्या पहिल्या दिवशी दहा संकल्प सोडून संक्रांतीपर्यंत ते विसरणाऱ्यांपेक्षा हा हिशेब पुष्कळ बरा.

रसायन बरणीत किती आणि बाहेर किती

आता औषधविक्रेत्या बांधवांशी थोडे स्पष्ट बोलू. च्यवनप्राशाविषयी आम्हांस नितांत आदर आहे. ५०० आवळ्यांचा तो पाठ म्हणजे आपल्या भैषज्यकल्पनेचे भूषण होय. परंतु त्याच पाठात मात्रा कशी सांगितली आहे, हे किती जणांना आठवते? जेवणाला बाध येणार नाही इतकीच मात्रा घ्यावी. चमच्यांचे माप नव्हे, भुकेचे माप! जो अवलेह खाल्ल्यावर पुढच्या जेवणाची इच्छा राहत नाही, त्याची मात्रा त्या माणसापुरती चुकली. शिवाय त्याच पाठात अर्धी तुळा मत्स्यंडिका आहे. मधुमेही मनुष्य दुकानात येऊन बरणी उचलतो आणि आपण पैसे घेऊन पिशवीत घालून देतो. हे शास्त्रालाही धरून नाही आणि नीतीलाही नाही.

रसायनापूर्वी शोधन सांगितले आहे; मळलेल्या वस्त्रावर रंग चढत नाही. प्रत्येक ग्राहकाचे शोधन करणे दुकानात शक्य नाही, हे आम्ही जाणतो. निदान चार प्रश्न तरी विचारता येतील : भूक कशी लागते? कोठा साफ होतो का? झोप किती व केव्हा? रक्तातील साखर वाढलेली आहे का? या चार प्रश्नांना दोन मिनिटे लागतात. उत्तर समाधानकारक नसेल तर बरणीऐवजी वैद्याकडे जाण्याचा सल्ला द्यावा. शुंठीसह हरीतकीसारखा हेमंतासाठी सांगितलेला साधा उपक्रमही वैद्याच्या सल्ल्याने पुष्कळांना पुरेसा होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे असे की, चरकसंहितेच्या ज्या रसायनाध्यायात च्यवनप्राश आहे त्याच अध्यायाच्या शेवटच्या पादात आचाररसायन आहे. सत्य, अक्रोध, अतिश्रमाचा त्याग, दूध-तुपाचे नित्य सेवन आणि झोप व जागरण यांचा समतोल. या गोष्टी पाळणाऱ्याला नित्य रसायन घडते, असे तेथे म्हटले आहे. याची बरणी निघत नाही, म्हणून याची जाहिरात होत नाही. परंतु ज्या वैद्याला अध्यायाचा पहिला पाद आठवतो आणि चौथा आठवत नाही, त्याने अध्याय अर्धाच वाचला आहे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप व्यवसायाचा. "तुम्ही सांगता तसे वागलो तर ग्राहक शेजारच्या दुकानात जाईल आणि तेथून बरणी घेईल." काही ग्राहक जातील, हे खरे. आमच्याकडेही त्या प्रसंगानंतरच्या हिवाळ्यात अवलेहाची विक्री घटली आणि ती तूट आम्हांस जाणवली. पण ज्यांना आम्ही बरणी नाकारली त्यांच्यापैकी बरेच जण पुढे स्वतःच्या आईवडिलांना घेऊन आले. ही गोष्ट एका सीझनच्या हिशेबवहीत दिसत नाही. औषधालय एका हिवाळ्यासाठी काढावयाचे की पिढीसाठी, याचा निर्णय ज्याचा त्याने करावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो आम्हीच स्वतःला घालतो. विश्रांती ही सुस्थितीतील लोकांची चैन तर नव्हे? याच महिन्यांत उसाचा गळीत हंगाम चालू असतो. बीड जिल्ह्यातून आणि इतरत्रून हजारो कुटुंबे घर सोडून फडावर येतात आणि थंडीत पहाटेच्या काळोखात कोयता हाती घेतात. त्यांच्यापुढे अर्धशक्ती व्यायामाचे प्रवचन करणे ही क्रूर थट्टा होईल. आम्ही एवढेच म्हणू की, ज्याला ऋतूची विश्रांती मिळत नाही त्याचा वैद्यावरील हक्क अधिक आहे, उणा नाही. फडावर जाण्यापूर्वी काही गरम पोटात जावे, रात्री तळपायांना व सांध्यांना मिळेल ते तेल चोळावे, तीळ-गूळ जवळ ठेवावा, गरोदर स्त्रीने मोळी उचलू नये; एवढे तरी आपण आरोग्य शिबिरांत बरण्या वाटण्याऐवजी सांगू शकतो. याहून अधिक जे करावयास हवे ते वैद्याच्या हातचे नाही, मजुरीच्या आणि कामाच्या व्यवस्थेतील आहे. आणि ते तसे आहे हे चारचौघांत बोलून दाखवणे हेही वैद्याच्या कर्तव्यातच येते.

वैद्याचा स्वतःचा हेमंत

शेवटी स्वतःकडे वळू. या दिवसांत आमची दिनचर्या कशी होती? सकाळी नऊ ते एक चिकित्सालय, सायंकाळी पाच ते साडेनऊ पुन्हा तेच, नंतर औषधांचा हिशेब, दहाला जेवण, बाराला झोप. आणि दिवसभर आम्ही लोकांना लवकर जेवा, लवकर निजा असे सांगत होतो! परोपदेशे पांडित्य म्हणतात ते याहून वेगळे काय असते? मागावर डुलकी लागलेल्या त्या गृहस्थांत आणि आमच्यात फरक एवढाच होता की, आमच्या डुलकीने आमचा हात जाणार नव्हता, रुग्णाचा जाणार होता. थकलेला वैद्य प्रश्न कमी विचारतो. आमच्या चुकीचे मूळ अज्ञानात नव्हते. ते थकव्यात होते.

त्यानंतर आम्ही स्वतःवरच पादांश क्रमाचा प्रयोग केला. पहिल्या हेमंतात सायंकाळचे चिकित्सालय पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणत साडेआठला बंद करू लागलो. दुसऱ्या हेमंतात जेवण दिवेलागणीनंतर लगेच, कुटुंबासमवेत. तिसऱ्या हेमंतात रोज पहाटे संहितेचे एक पान. एका हिवाळ्यात सूत्रस्थान पुरे झाले नाही, दोन लागले. अनेक वर्षे जे आम्ही पाठ म्हणून जाणत होतो ते या खेपेस रुग्णांचे चेहरे डोळ्यांसमोर ठेवून वाचले. जागरणाविषयीचे ते वचन पुन्हा आले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. पंचविशीत हा अर्थ कळला असता काय, असे मनात आले, बहुधा नसता. काही अर्थ मुरावयास वर्षे लागतात.

म्हणून वैद्यबंधु-भगिनींनो आणि औषधविक्रेत्या मित्रांनो, येत्या मार्गशीर्षासाठी आमची विनंती माफक आहे. प्रत्येक बरणीमागे चार प्रश्न विचारावेत. प्रत्येक रुग्णाला एकच सवय, तीही पादांशाने, बदलावयास सांगावी. आणि आपले दुकान वा चिकित्सालय पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटे लवकर बंद करून घरी जावे. बाहेर काळोख लवकर पडलेला असेल. घरी चूल, नाही तर शेगडी पेटलेली असेल. गरम भाकरी खावी, मुलाबाळांशी चार शब्द बोलावेत आणि निजावे. दुसऱ्या दिवशी समोर बसलेल्या रुग्णाला "रात्री झोप किती होते?" हे विचारावयाचे आठवेल. आम्हांस ते एकदा आठवले नव्हते.